गाईची अवजारे आणि वाचकांची फिर्याद

विनोदाचे स्पष्टीकरण करावे लागले म्हणजे विनोद संपला, असे आपण सहज म्हणून जातो. या समजुतीला छेद देणारे एक प्रकरण अमेरिकन व्यंगचित्रांच्या इतिहासात नमूद आहे. एका चित्रकाराने दोन शब्दांचा विनोद केला; तो असंख्य वाचकांस कळला नाही; त्यांनी पत्रे धाडली, दूरध्वनी केले; अखेर चित्रकारास जाहीर खुलासा करावा लागला. या भानगडीत दोष कोणाचा, हा प्रश्न बहुधा थट्टेवारीच नेला गेला आहे. आम्हांस तो गंभीरपणे विचारण्याजोगा वाटतो. कारण त्यात वाचकाच्या इभ्रतीचा प्रश्न गुंतलेला आहे.

गॅरी लार्सन यांची 'द फार साइड' ही एकचौकटी व्यंगचित्रमाला १ जानेवारी १९८० पासून सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल या दैनिकात येऊ लागली आणि १ जानेवारी १९९५ रोजी त्यांनी ती आपणहून थांबविली. भरभराटीच्या काळात ती एकोणीसशेहून अधिक वृत्तपत्रांत छापली जात होती. प्राणी, कीटक, आदिमानव आणि प्रयोगशाळेतील विद्वान ही तिची नेहमीची पात्रे. शास्त्रज्ञांनी या मालेवर किती माया करावी? घुबडावर राहणाऱ्या उवेच्या एका जातीस 'स्ट्रायजिफिलस गॅरीलार्सनाय' असे नाव देण्यात आले. स्टेगोसॉरसच्या शेपटीवरील काट्यांना लार्सन यांनी १९८२ च्या एका चित्रात गमतीने दिलेले 'थॅगोमायझर' हे नाव तर पुढे प्राचीन जीवांच्या अभ्यासकांनीच उचलले. सारांश, या मालेच्या वाचकास चित्रामागे शास्त्रातील एखादी गोष्ट दडलेली असते अशी सवय लागलेली होती. पुढील घोटाळा समजण्यास ही सवय ध्यानात ठेवली पाहिजे.

२८ ऑक्टोबर १९८२ रोजी आलेल्या चित्रात एक गाय मेजामागे उभी आहे. मेजावर चार ओबडधोबड वस्तू मांडलेल्या आहेत. त्यांतील एक करवतीसारखी दिसते. उरलेल्या तिहींना नाव देता येत नाही. खाली दोनच शब्द आहेत : 'काऊ टूल्स'. बस्स. गाय काही बोलत नाही, काही करीत नाही. तिच्या मुद्रेवरून तिला स्वतःला तरी या वस्तूंचा उपयोग ठाऊक असावा की काय, याचाही पत्ता लागत नाही.

वाचक गोंधळले. ही वस्तू कशाची, ती वस्तू कशाची, चौथीचा गाईशी संबंध काय, असा खल सुरू झाला. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत विचारणा होऊ लागली आणि खुद्द लार्सन यांचा दूरध्वनीही खणखणू लागला. तेव्हा त्यांनी एक निवेदन प्रसिद्धीस दिले. त्याचा आशय असा की, अवजारे घडविणारी गाय आपल्या पाहण्यात आलेली नाही. पण तशी आढळलीच, तर तिच्या अवजारांत सफाईचा अभावच दिसेल आणि ती चित्रातल्यासारखीच दरिद्री असतील. यापलीकडे चित्रात काही नव्हते. पुढे १९८९ साली 'द प्रीहिस्टरी ऑफ द फार साइड' या पुस्तकात त्यांनी या प्रकरणाची हकीगत दिली, आणि एक अवजार करवतीसारखे काढले ही आपली चूक झाली, असे तेथे मोकळेपणाने मान्य केले.

आता वाचकांची बाजू पाहू. प्रथम ते दोन शब्दच घ्या. इंग्रजीतील ही जोडणी आपल्या तत्पुरुष समासासारखी आहे. विभक्तीचा प्रत्यय गळून गेलेला आहे. विग्रह कसा करावयाचा? गाईसाठी अवजारे म्हटले, तर गवळ्याच्या गोठ्यातील दावे, दुधाची चरवी अशा वस्तू डोळ्यांपुढे येतात. गाईची अवजारे म्हटले, तर गाईच्या मालकीची. गाईने घडविलेली अवजारे हा तिसरा अर्थ. आणि लार्सन यांस अभिप्रेत होता तो नेमका हाच, म्हणजे सर्वांत दूरचा. ज्या शेतकऱ्याने जन्मभर गुरे राखली त्याने पहिल्या अर्थाने त्या वस्तू ओळखण्याचा यत्न केला असेल, तर त्यास मंदबुद्धी कोण म्हणेल?

दुसरी गोष्ट करवतीची. न्यायालयात दस्तऐवजाचा अर्थ लावताना 'नॉसिटर ए सोसायिस' या नावाचा एक जुना नियम वापरतात. संदिग्ध शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, एवढेच त्याचे तात्पर्य. चार वस्तूंपैकी एक उघडउघड करवत असेल, तर उरलेल्या तीनही सुताराच्या पेटीतील असाव्यात, हा तर्क त्या नियमास धरूनच आहे. वाचक चुकले ते विचार न केल्यामुळे नव्हे, योग्य रीतीने विचार केल्यामुळे चुकले! चारही वस्तू सारख्याच अगम्य असत्या, तर कोणी त्यांची नावे शोधीत बसले नसते. वाचक 'अवजारे' हा शब्द वाचता, पुन्हा त्या लाकडांकडे पाहता, आणि हसता.

संस्कृत साहित्यशास्त्रात अभिनवगुप्ताने अनौचित्य हे हास्याचे मूळ म्हणून सांगितले आहे. या चित्रातील खोट त्या सूत्राने चांगली उकलते. मेजामागे उभी असलेली गाय अनुचित, तिची कारागिरी अनुचित. परंतु अनौचित्याच्या त्या सलग वस्त्रात करवतीच्या रूपाने औचित्याचा एक धागा घुसला, आणि हास्याच्या जागी जिज्ञासा उत्पन्न झाली. जिज्ञासा जागी झाली की माणूस हसण्याचे तहकूब करतो.

येथे मथळ्याचाही वाटा आहे. बेळगाव जिल्ह्यातील भोज येथे १९२५ साली जन्मलेले शि. द. फडणीस हे आपल्याकडे शब्दविरहित हास्यचित्रांसाठी विख्यात आहेत. त्यांच्या चित्राखाली शब्द नसतो, आणि म्हणून वाचकास कसलेही आश्वासन दिलेले नसते. डोळ्यांना जे दिसते तेवढ्यावरच सारा व्यवहार चुकता होतो. लार्सन यांच्या मथळ्याने मात्र 'ही अवजारे आहेत' असे निक्षून सांगितले. अवजार म्हटले की 'कशाचे?' हा प्रश्न पाठोपाठ येणारच. शब्द जितके थोडे, तितके त्यांचे ओझे अधिक.

मग चित्रकाराच्या खुलाशाचे मोल काय? १८७२ च्या पुरावा कायद्यात एक मार्मिक उदाहरण होते. एकाने दुसऱ्यास घोडा 'एक हजार किंवा दीड हजार रुपयांस' विकण्याचा लेखी करार केला. तर यांतली खरी किंमत कोणती, हे दाखविण्यास बाहेरचा पुरावा चालणार नाही. लेख तोंडावरच संदिग्ध असेल, तर लिहिणाऱ्याने मागाहून येऊन 'माझ्या मनात अमुक होते' असे सांगण्याची सोय नाही. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली; तत्त्व कायम आहे. साहित्याच्या न्यायासनापुढेही हेच तत्त्व लावावे, असे आमचे मत आहे. लार्सन यांचा खुलासा प्रामाणिक आहे, लोभसही आहे; पण त्याने चित्रातली करवत पुसली जात नाही. म्हणून आमचा निवाडा असा : कल्पना पहिल्या प्रतीची, रेखाटनात एक दोष, आणि फिर्यादी वाचक निर्दोष.

कल्पना पहिल्या प्रतीची असे आम्ही का म्हणतो, तेही सांगितले पाहिजे. 'अवजारे घडविणारा प्राणी तो मनुष्य' अशी व्याख्या एके काळी प्रतिष्ठित होती. केनेथ ओकली यांच्या १९४९ च्या पुस्तकाचे नावच 'मॅन द टूलमेकर' असे होते. १९६० साली जेन गुडॉल यांनी टांझानियातील गोंबे येथे एक चिंपांझी गवताची काडी वारुळात घालून वाळवी काढून खाताना पाहिला, आणि ही व्याख्या डळमळली. माणसाने आपल्याभोवती घातलेले हे कुंपण पार करून उद्या गायही आत आली तर? असा तो प्रश्न होता. तो मानवी अहंकारास होता. वाचकांनी मात्र तो अवजारांस विचारला. पुढे काळाने आणखी एक गंमत केली. ऑस्ट्रियातील व्हेरोनिका नावाची गाय लांब दांड्याचा ब्रश तोंडात धरून अंग खाजविते, पाठीस ब्रशाची बाजू लावते आणि खालच्या नाजूक कातडीस दांड्याचे टोक, असे निरीक्षण जानेवारी २०२६ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तिने ब्रश घडविलेला नाही, केवळ वापरला, हा भेद खरा. तथापि अशक्य म्हणून काढलेल्या चित्राच्या दिशेने वास्तवाने एक पाऊल टाकले, हेही खरे.

शेवटी वाचकांच्या इभ्रतीविषयी. त्या वेळी पत्रे लिहिणाऱ्यांनी 'आम्हांस कळले नाही' हे स्वतःच्या सहीनिशी लिहून दिले. हे सोपे नाही. आपल्या साहित्यव्यवहारात दुर्बोध कवितेपुढे, अगम्य चित्रापुढे, सभेतल्या गूढ कोटीपुढे मान डोलावणारे पुष्कळ. शेजारी हसला म्हणून हसणारे त्याहून पुष्कळ. न कळताच हसणाऱ्या वाचकापासून लेखक काही शिकत नाही. लार्सन यांस आपल्या करवतीचा दोष दिसला तो मान डोलावणाऱ्यांमुळे नव्हे. प्रश्न विचारणाऱ्यांमुळे दिसला. शिवाय 'यात अर्थ असलाच पाहिजे' हा त्यांचा हट्ट म्हणजे लेखकाचा केवढा गौरव! हा मनुष्य रिकामी रेघ ओढणार नाही, अशी श्रद्धा असल्यावाचून कोणी चार लाकडांवर इतका वेळ खर्च करीत नाही.

हे चित्र आज लोक आठवतात ते गाईसाठी थोडे आणि त्या गोंधळासाठी अधिक. ती कीर्ती एकट्या चित्रकाराची नव्हे. निम्मी त्या वाचकांची आहे, आणि ती त्यांच्या नावे जमा झाली पाहिजे.