सही खरी, माणूस खोटा : सॅमलवरचा एक पेपर नीट वाचूया

वेब सर्व्हिसेसवर काम करणाऱ्यांच्या प्रपोजलमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: "संदेशाला डिजिटल सही आहे, वापरकर्त्याची ओळख टोकनने पटवली आहे, त्यामुळे यंत्रणा सुरक्षित आहे." या वाक्यातलं "त्यामुळे" किती कच्चं आहे हे कळायला हवं असेल, तर 2012 च्या युझनिक्स सिक्युरिटी परिषदेतला एक पेपर वाचा. नाव 'ऑन ब्रेकिंग सॅमल'. लेखक युराय सोमोरोव्स्की आणि सहकारी. पेपर चांगला आहे, म्हणूनच त्याच्याशी थोडं भांडूया.

आधी पार्श्वभूमी. सॅमल म्हणजे "हा माणूस अमुक आहे" असं सांगणारा एक्सएमएल मजकूर. ओळख देणारा सर्व्हर त्यावर सही करतो, आणि सेवा देणारा सर्व्हर ती सही तपासून तुम्हाला आत घेतो. सिंगल साइन-ऑन यावरच चालतं. डब्ल्यूएस-सिक्युरिटी हे 2004 चं ओअॅसिस मानकही सोप संदेशांसाठी हीच एक्सएमएल सही वापरतं. त्यामुळे इथला रोग तिथेही लागू पडतो.

रोग असा. ही सही अख्ख्या दस्तऐवजावर असेलच असं नाही. "अमुक आयडी असलेल्या भागावर माझी सही आहे" असं ती सांगते. सही तपासणारा कोड तो भाग आयडीवरून शोधतो. पण वापरकर्त्याचं नाव वाचणारा कोड बऱ्याचदा जागेवरून शोधतो, म्हणजे पहिला सापडेल तो भाग. सरकारी कचेरीतली फाईल आठवा. एक कारकून फाईल चाळून सहीचा कागद शोधतो आणि "सही बरोबर" म्हणतो. दुसरा कारकून सगळ्यात वरचा कागद वाचून काम करतो. आता कुणी सहीचा कागद मागे सरकवून वर स्वतःचा कागद लावला तर? दोघेही आपापलं काम चोख करतात आणि तरी फसतात. यालाच सिग्नेचर रॅपिंग म्हणतात.

हल्लेखोराला लागतो फक्त एक खरा सही केलेला संदेश, आणि तो त्याचा स्वतःचाही चालतो. नेटवर्क फोडावं लागत नाही, किल्ली चोरावी लागत नाही. टीएलएस चालू असलं तरी फरक पडत नाही, कारण हल्लेखोर हाच रीतसर क्लायंट असतो. म्हणजे कॉन्फिगरेशनमधले सगळे पर्याय "चालू" असूनही दार उघडंच.

हा हल्ला 2005 मध्ये मॅकिन्टॉश आणि ऑस्टेल यांनी आधीच मांडला होता. मग 2012 च्या पेपरचं नवेपण कशात? लेखकांनी 14 प्रमुख सॅमल फ्रेमवर्क तपासली, त्यातल्या 11 मध्ये गंभीर त्रुटी सापडल्या. सेल्सफोर्स आणि शिबोलेथ त्यात होते. पण माझ्या मते हा आकडा दुय्यम आहे. खरी कमाई ही की त्यांनी प्रश्न दोन घटकांमधल्या माहितीच्या प्रवाहाचा आहे असं मांडलं: तपासणारा काय बघतो आणि वापरणारा काय बघतो. त्याआधी ही वेगवेगळ्या चुकांची यादी वाटायची. आता त्या यादीमागचं एक कारण दिसलं.

आता तक्रारी.

पहिली, आकड्याची. 14 पैकी 11 हे धक्कादायक आहे, पण ही 14 "प्रमुख" म्हणून निवडलेली आहेत, यादृच्छिक नमुना नाही. तुमच्या प्रस्तावनेत "79 टक्के यंत्रणा असुरक्षित" असं लिहिलंत तर ती चूक तुमची, लेखकांची नाही.

दुसरी, साधनाची. लेखकांनी हल्ले आपोआप करून बघणारं टूल बनवलं. उत्तम. पण टूलला काही सापडलं नाही याचा अर्थ "माहीत असलेले प्रकार चालले नाहीत" एवढाच. याच टूलला कामात एक नवा प्रकार सापडला, म्हणजे यादी अपुरी असू शकते याचा पुरावा पेपरमध्येच आहे.

तिसरी तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पेपर दोन उपाय देतो. एक: तपासणाऱ्याने फक्त हॅश झालेला भागच पुढे द्यावा. दोन: सही असलेल्या भागावर खूण करावी आणि वापरणाऱ्याने ती बघावी. वाचताना दोन्ही जवळचे वाटतात. पण 2018 मध्ये समोर आलेली त्रुटी घ्या. 'रमेशकुमार' असं खातं असलेल्याने आपल्या सही झालेल्या संदेशात 'रमेश'नंतर एक एक्सएमएल कॉमेंट घुसवली. सही तपासण्याआधीच्या प्रमाणीकरणात कॉमेंट गळून पडते, म्हणून सही टिकते. काही लायब्ररी मात्र नाव कॉमेंटपर्यंतच वाचायच्या. झाला तो 'रमेश'! इथे भाग खरंच सही केलेला आहे, म्हणून खूण जागेवर आहे आणि दुसरा उपाय गप्प बसतो. पहिला उपायही तेव्हाच वाचवतो, जेव्हा हॅशमध्ये गेलेले नेमके बाइट्स पुढे दिले जातात. मूळ दस्तऐवजातला तोच भाग उचलून दिला तर पुन्हा फसगत. हा फरक पेपरने ठळक करायला हवा होता.

तरीही मॉडेल हरलं नाही. 2025 मध्ये रुबी-सॅमल लायब्ररीत सापडलेल्या त्रुटींचं मूळ हेच होतं: एकाच संदेशासाठी दोन वेगळे पार्सर, आणि दोघांचं वाचन वेगळं. तेरा वर्षांनी समोर आलेली चूक ज्या चौकटीत बसते, ती चौकट कामाची.

तुम्ही काय करायचं? सुरक्षेचा कुठलाही पेपर हातात घेतलात की दोन रकाने आखा: कोण तपासतं आणि कोण वापरतं. दोघांना मिळणारा डेटा बाइट-बाइट तोच आहे का, हे पेपर कुठे सिद्ध करतो ते शोधा. जागा सापडली नाही, तर तुमचा रिसर्च क्वेश्चन बहुधा तिथेच आहे. आणि प्रपोजलमधल्या त्या "त्यामुळे"ला आधी एक प्रश्नचिन्ह लावा.