‘सांगत्ये ऐका’ : नटीची कीर्ती आणि तिचे कथन

मेहकर येथील कंचनीच्या महालाशी लोककथेने एका नर्तकीचे नाव जोडले आहे. मेहकरचेच कवी ना. घ. देशपांडे यांच्या १९९६ मधील काव्यसंग्रहानेही ते नाव धारण केले. परंतु कंचनीविषयी जे सांगितले जाते ते सर्व इतरांनी सांगितलेले आहे. कलावतीची कीर्ती गाजावी आणि तिचा शब्द मात्र उरू नये, ही रीत जुनीच. हंसा वाडकर यांच्या आत्मकथनाचे मोल या रीतीच्या संदर्भात पाहिले पाहिजे.

अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ हा तमाशापट १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात शंभराहून अधिक आठवडे चालला. त्याचेच नाव हंसाबाईंनी आपल्या आत्मकथनास दिले. साहजिकच वाचक रंगेल हकिकतीची अपेक्षा बाळगून पुस्तक उघडतो. त्यास प्रथम भेटते ती घरच्यांच्या उदरनिर्वाहासाठी अल्पवयातच चित्रपटात धाडलेली रतन साळगावकर. पडद्यावरील ‘वाडकर’ हे आडनावदेखील आप्तांकडून घेतलेले होते.

नटी झाली म्हणून संसार विस्कटला, हा लोकांचा ठाम समज. येथे क्रम नेमका उलटा आहे. चारचौघींसारखा संसार करावा ही हंसाबाईंची इच्छा होती. पण त्या संसाराला त्यांची मिळकत हवी होती. पतीने त्यांना काम सोडू दिले नाही, आणि त्या कामावरूनच त्यांचा संशयही घेतला. पुढे त्या एका गृहस्थाबरोबर वऱ्हाडालगतच्या मराठवाड्यातील एका खेड्यात जाऊन राहिल्या. तेथे पडदा, सवती आणि एकटीने उंबरठा ओलांडण्यास बंदी! प्रसिद्धी पुसली गेली, पारतंत्र्य मात्र तसेच राहिले. हा भाग पुस्तकाचा गाभा होय. कीर्ती हेच दुःखाचे मूळ मानणाऱ्या हळव्या वाचकासही तो निरुत्तर करतो.

हे कथन अरुण साधू यांनी शब्दांकित केले. ते प्रथम ‘माणूस’मध्ये आले व १९७० मध्ये ग्रंथरूप झाले, पुढच्याच वर्षी हंसाबाई निवर्तल्या. काळाचा अनुक्रम कोठे कोठे तुटतो, चित्रपटव्यवसायाची माहिती त्रोटक वाटते; ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) सारख्या कृतीविषयी अधिक यावयास हवे होते. तथापि मद्यपानासह आपल्या वर्तनाचे समर्थन त्या करीत नाहीत, आणि आपणास दीन म्हणूनही उभे करीत नाहीत. बोलण्यातील हा कोरडेपणा शब्दांकनात जपला गेला, हे साधूंचे श्रेय.

श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ (१९७७) या चित्रपटास याच पुस्तकाचा आधार होता. स्मिता पाटील यांनी साकारलेल्या उषाच्या जीवनास तेथे आत्मशोधाचा आकार लाभला. मूळ कथनात तो आकार नाही. हंसाबाई खेड्यातून परततात, पुन्हा स्टुडिओत जातात, पुन्हा चुकतात. आणि ‘सांगत्ये ऐका’ हे यश त्यांना या साऱ्यानंतर मिळते.