कंबरदुखीची चाळणी : प्रश्न कोणाचे, उत्तरे कोणाची?

पनवेलमधल्या एका फिजिओथेरपी केंद्रात मध्यंतरी आमच्यापैकी एकीला कंबरदुखीसाठी जावे लागले. नाव नोंदवून झाल्यावर हाती एक छापील कागद आला. त्यावर चोवीस वाक्ये होती. जे वाक्य आज आपल्याला लागू पडते त्यापुढे खूण करायची होती. शेजारी बसलेल्या आजींचा कागद त्यांचा नातू भरत होता. 'पाठीमुळे मोजे घालताना त्रास होतो' या वाक्यापाशी तो क्षणभर थांबला, आजींच्या अनवाणी पायांकडे त्याने पाहिले आणि खूण न करता पुढे गेला. आजींनी उभ्या आयुष्यात मोजे घातलेले नव्हते. कागदाच्या हिशेबात मात्र आजींना वाकायला काहीच त्रास नव्हता!

शिक्षकांनी या प्रसंगाकडे मुद्दाम लक्ष द्यावे असे आम्हाला वाटते. कारण प्रश्नपत्रिका काढणे हे आपले रोजचे काम आहे. चांगल्या चाचणीत विश्वसनीयता आणि सप्रमाणता हवी, हे आपण बी.एड.ला शिकलो. तीच कसोटी या कागदांना लावून पाहू.

मोजपट्टी वेगळी, चाळणी वेगळी

कंबरदुखीच्या प्रश्नावल्या प्रामुख्याने दोन कामांसाठी असतात. पहिले काम, आज रुग्णाचे किती अडते आहे हे मोजणे. १९८० साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेला ऑस्वेस्ट्री निर्देशांक या जातीचा. त्यात दहा विभाग असून प्रत्येकाला शून्य ते पाच गुण असतात आणि एकूण गुणांची टक्केवारी काढतात. रोलंड आणि मॉरिस यांची १९८३ सालची चोवीस वाक्यांची यादी, म्हणजे आजींच्या हातातला कागद, हाही त्याच जातीचा.

दुसरे काम, पुढे काय होईल याचा अंदाज घेऊन रुग्णांची वर्गवारी करणे. याला चाळणी म्हणता येईल. इंग्लंडमधील कील विद्यापीठाने २००८ साली प्रसिद्ध केलेली 'स्टार्ट बॅक' ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली या प्रकारातली. पहिले चार प्रश्न शरीराचे: दुखणे पायात उतरते का, मान-खांदाही दुखतो का, चालणे आणि कपडे घालणे मंदावले का. उरलेले पाच मनाचे: हालचालीची भीती, काळजी, निराशा, आनंद हरवणे आणि एकूण त्रासाची तीव्रता. एकूण गुण तीन किंवा कमी असतील तर धोका कमी. चार किंवा जास्त असतील तर मनाच्या पाच प्रश्नांचे गुण वेगळे पाहायचे. तेही चार किंवा पाच असतील तर धोका जास्त, नाही तर मध्यम. इथे धोका म्हणजे दुखणे रेंगाळून अपंगत्व येण्याचा.

या कल्पनेचे मोल आम्ही कमी लेखत नाही. एक्स-रेमधल्या झिजेपेक्षा माणसाची भीती आणि निराशा कधी कधी पुढचे अधिक अचूक सांगते, ही गोष्ट तिने व्यवहारात आणली. कमी धोक्याच्या रुग्णाला अनावश्यक तपासण्या, पट्टे आणि महिनाभराच्या फेऱ्या यांतून सोडवणे हाही तिचा हेतू आहे. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती असा अंदाज आहे. एवढ्या माणसांना सरसकट सारखेच उपचार देणे कोणत्याच देशाला परवडणारे नाही.

शब्द मराठी झाले, पण प्रश्न?

ऑस्वेस्ट्री निर्देशांकाच्या मराठी आवृत्तीची भारतीय रुग्णांवर तपासणी होऊन तो अभ्यास २०१३ साली 'स्पाइन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ही आवृत्ती विश्वसनीय आणि सप्रमाण असल्याचा निष्कर्ष त्यात निघाला. हे काम महत्त्वाचे आहे. नाही तर ज्याला जसे जमेल तसे भाषांतर चालले असते. पण भाषांतर अचूक असूनही मूळ प्रश्नातले जगणे परके राहू शकते.

या निर्देशांकातला बसण्याचा विभागच पाहा. तो खुर्चीवर बसण्याबद्दल विचारतो. भाजी चिरायला विळीवर बसणे, पंगतीत मांडी घालणे, देशी संडासात उकिडवे बसणे यांपैकी काहीही त्यात नाही. कंबर धरलेल्या माणसाची खरी परीक्षा तर तिथेच होते. प्रवासाचा विभाग किती तासांचा प्रवास झेपतो ते विचारतो. पनवेलहून हार्बर मार्गाने मुंबईला जाणारा नोकरदार तासाभराहून अधिक वेळ गाडीत असतो, आणि बसायला जागा मिळाली नाही तर उभाच असतो. त्याचे दुखणे प्रवासाच्या विभागात धरायचे की उभे राहण्याच्या? लैंगिक जीवनाचा विभाग सासूबाई शेजारी बसलेल्या असताना कोण मोकळेपणाने भरणार? तो रिकामा राहिला तर पन्नासाऐवजी पंचेचाळीस गुणांवर टक्केवारी काढायची सोय आहे. म्हणजे हिशेब जुळतो, पण त्या बाईची अडचण नोंदली जात नाही.

त्यात आपली दुखण्याची भाषा निराळी. आपल्याकडे उसण भरते, कंबर भरून येते, चमक निघते, शीर आखडते, पायात कळ उतरते, मुंग्या येतात. 'दुखणे पायात पसरते का?' याला 'नाही' म्हणणारा रुग्ण थोड्या वेळाने 'शीर पार घोट्यापर्यंत ओढते' असे सांगतो. ही चूक रुग्णाची मानायची की प्रश्नाची?

भीती की अनुभव?

आता चाळणीतला हालचालीच्या भीतीचा प्रश्न घेऊ. आपल्यासारख्या अवस्थेत अंगमेहनत करणे सुरक्षित नाही, असे रुग्णाला वाटते का, असा त्याचा आशय आहे. होकाराला एक गुण, कारण हालचालीची अवाजवी भीती दुखणे लांबवते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ओझी उचलणाऱ्या कामगाराने या प्रश्नाला 'हो' म्हटले असे समजा. त्याच्या डोळ्यांपुढे सकाळचा फेरफटका नाही, उद्याचे ओझे आहे. त्याचा होकार हा गैरसमज नसून अनुभवाचा निष्कर्ष असू शकतो. कागद मात्र दोन्ही होकार सारखेच मोजतो. उलट, मजुरी बुडू नये म्हणून दुसऱ्याच दिवशी कामावर गेलेला माणूस 'माझे काही अडत नाही' असे लिहील आणि कमी धोक्याच्या गटात जाईल.

म्हणून हा गुण निदान म्हणून वापरू नये. त्यावरून पुढचा प्रश्न तोंडी विचारायचा असतो: 'काका, कशाची भीती वाटते? चालायची की ओझ्याची?'

चाळणीत नसलेले प्रश्न

ताप येतो का, वजन घटते आहे का, रात्री पडून राहिले तरी दुखते का, लघवीवरचा ताबा गेला का, जांघांमध्ये बधिरपणा आहे का, हे प्रश्न त्या नऊ प्रश्नांत नाहीत. गंभीर आजार डॉक्टरांनी आधीच वगळला आहे, असे त्यात गृहीत आहे. आपल्याकडे रुग्ण ओळखीच्या सांगण्यावरून थेट फिजिओथेरपीला येऊ शकतो. जगातील क्षयरोगाचे सुमारे चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत आणि हाडांच्या क्षयात मणक्याचा क्षय सर्वांत जास्त आढळतो. इथे हे गृहीत धरणे महागात पडेल.

पण या धोक्याच्या खुणांची यादीही आंधळेपणाने वापरता येत नाही. ऑस्ट्रेलियात ११७२ रुग्णांवर झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ८० टक्के रुग्णांत निदान एक तरी खूण सापडली. गंभीर आजार निघाला फक्त ११ जणांत. एका खुणेवरून घाबरवणे आणि कोणतीच खूण न विचारणे, दोन्ही चूकच.

चाळून झाल्यावर काय?

२०११ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या इंग्लंडमधील चाचणीत ८५१ रुग्ण होते. गटानुसार उपचार दिलेल्यांना थोडा पण नक्की फायदा झाला आणि खर्चही कमी आला. हीच पद्धत अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात वापरून पाहिली, तेव्हा २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रुग्णांना फायदा दिसला नाही. इथे तर भाषाही बदललेली नव्हती! बदलली होती ती दवाखान्याची व्यवस्था. चाळणीनंतर रुग्णाला मिळणारा उपचार खरोखर बदलला तरच चाळणीला अर्थ असतो. गुण काढून कागद फाइलीला लावायचा आणि सगळ्यांना तोच शेक, तेच यंत्र आणि तेच व्यायाम द्यायचे, तर नऊ प्रश्न विचारले काय आणि नव्वद विचारले काय!

आमची मागणी साधी आहे. प्रश्नावली वापरावी, पण ती रुग्णाशी बोलून भरावी. आपल्या जगण्यातल्या हालचाली तिच्यात याव्यात. आणि आपल्या गावातल्या रुग्णांचे सहा महिन्यांनी काय झाले ते नोंदवून ती खरी ठरते का, हे पाहावे. पनवेलजवळ कामोठ्याला फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी याहून उपयोगी विषय शोधावा लागणार नाही.

शाळेतही एक उपक्रम करता येईल. नववीच्या मुलांना 'मोजे घालताना त्रास होतो' हे वाक्य द्या आणि आपल्या आजीला विचारता येईल असे, तेच मोजणारे दुसरे वाक्य लिहायला सांगा. कोणी 'खाली पडलेली सुई उचलताना' लिहील, कोणी 'पायाला तेल चोळताना'. मग ते वाक्य घरातल्या पाच मोठ्या माणसांना आज आणि पुन्हा तीन दिवसांनी विचारायला लावा. उत्तरे किती जुळली, कोणाची बदलली आणि का बदलली, याचा तक्ता फळ्यावर मांडा. मोजमाप म्हणजे काय, हे त्या एका तासात मुलांना चांगले समजेल.