कोंडेश्वरला माणसं किती? एका आकड्याची चिकित्सा

तुम्ही पेट-नेटची तयारी करत असाल आणि कल्याणच्या पुढे राहत असाल, तर एक विषय तुमच्या डोक्यात नक्की आला असेल: ‘कोंडेश्वर परिसराची पर्यटन वहनक्षमता’. बदलापूरजवळचा धबधबा, मागे चंदेरी-माथेरानची डोंगररांग, पावसाळ्यात तुफान गर्दी. फील्ड घराजवळ, पद्धत तयार, शेवटी एक आकडा हातात. गाइडही खूश. पण हा विषय घेण्याआधी त्या आकड्याकडे एकदा नीट बघूया.

वहनक्षमता म्हणजे कॅरिंग कपॅसिटी. पर्यटनात सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत मिगेल सिफुएंतेस यांनी १९९२ मध्ये मांडली. आधी जागेत माणसं मावतात किती ते काढायचं, मग पाऊस, उतार, धूप यांची वजावट करायची आणि शेवटी व्यवस्थापनाची ताकद बघून आकडा आणखी खाली आणायचा.

एक काल्पनिक उदाहरण करून बघा. पायवाट १,००० मीटर, माणशी १ मीटर जागा, जंगल ८ तास खुलं, एका फेरीला २ तास. म्हणजे दिवसाला ४ फेऱ्या आणि ४,००० माणसं. आता माणशी १ ऐवजी ५ मीटर धरा. उत्तर येतं ८००. जंगलात काहीच बदललं नाही, बदललं फक्त तुमचं गृहीतक! मग हा आकडा डोंगराचा की तुमचा? व्हायवात हा प्रश्न कुणी विचारला तर काय सांगाल?

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. या सूत्रात लपलेला समज असा, की माणसं अर्धी केली की नुकसानही अर्धं होतं. माणसांच्या पावलांचा झाडोऱ्यावर आणि मातीवर होणारा परिणाम अभ्यासणारे लोक वेगळं सांगतात. न तुडवलेल्या जागेवर पहिल्या थोड्या वावरातच बरंचसं नुकसान होऊन जातं, नंतर वाढ मंदावते. म्हणजे ५०० जण एकाच ठरलेल्या वाटेने गेले, तर ते वाटा सोडून रानभर फिरणाऱ्या १०० जणांपेक्षा कमी घातक ठरू शकतात. हे सूत्रात कुठे बसतं? बसतच नाही.

ही शंका नवी नाही. अमेरिकेत अ‍ॅलन वॅगर यांनी १९६४ मध्येच लिहिलं होतं, की सुरुवातीला हा प्रश्न फक्त परिसंस्थेचा वाटला, पण माणसांना काय हवंय हे धरल्याशिवाय तो सुटत नाही. १९८५ मध्ये जॉर्ज स्टँकी आणि सहकाऱ्यांनी प्रश्नच फिरवला: किती माणसं, हे नको, कोणता बदल कुठवर चालेल, ते आधी ठरवा. मग निर्देशक निवडा, मोजत राहा, मर्यादा ओलांडली की उपाय करा.

आता आपल्याकडे या. ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात धबधबे आणि धरणांवर मनाई आदेश निघतात, पूर्वी कलम १४४ खाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. माणसं बुडू नयेत म्हणून ते निघतात, आणि ते रास्तच आहे. पण त्यालाच संवर्धन म्हणणं ही गल्लत आहे. बंदीत लोक घरी बसतात की आडवाटेने वर जातात? हे मोजलं, तर तो खरा रिसर्च गॅप.

याच रांगेतलं माथेरान बघा. ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र झालं. पर्यटकांच्या गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. इथला कळीचा नियम डोकी मोजत नाही, वावर कसा करायचा ते ठरवतो. कचरा, पाणी, शनिवार-रविवारची गर्दी हे प्रश्न तिथेही आहेतच. तरी मोटारी नसलेलं जंगल टिकलं, ते कुठल्या सूत्रामुळे नव्हे.

आणि ‘कुठवर चालेल’ हे ठरवणार कोण? उल्हासनगर सुमारे १३ चौ. किमी.चं, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाखांवर. तिथल्या पोरांसाठी हा डोंगर चैन नाही, श्वास घ्यायची जागा आहे. पायथ्याच्या पाड्यांवरचे ठाकूर-कातकरी इथूनच रानभाज्या आणि सरपण आणतात. पर्यटक आले तर कुणाच्या कणसांना गिऱ्हाईक मिळतं, बंदी आली की तेही जातं. मंदिरात येणारा भाविक, ट्रेकर, वनखातं, सगळ्यांची ‘चालेल’ची रेघ वेगवेगळी आहे. एक आकडा या सगळ्यांना गप्प करतो, म्हणूनच तो सोयीचा वाटतो.

सिफुएंतेसची पद्धत फेकून द्या असं मी म्हणत नाही. पार्किंग, पायऱ्या, अरुंद वाट यांसाठी ती उपयोगी आहे. पण सिनॉप्सिस लिहिताना क्रम उलटा ठेवा. आधी पाड्यावर, मंदिरात, वनरक्षकाशी बोला. मग तीन-चार निर्देशक घ्या: वाटेची रुंदी, उघडी पडलेली माती, ओढ्याचं पाणी, नव्याने पडलेल्या चोरवाटा. पावसाळ्याआधी आणि नंतर मोजा, शिवाय जिथे कुणी जात नाही असा एखादा उतार तुलनेसाठी ठेवा. आकडा शेवटी आला तर येऊ दे. त्याच्यामागचं प्रत्येक गृहीतक मात्र तुम्हाला तोंडपाठ हवं, कारण त्या आकड्यावर उद्या कुणीतरी गेट लावेल, आणि गेटच्या कुठल्या बाजूला कोण राहिलं, याचं उत्तर तुमच्या प्रबंधात शोधलं जाईल.