स्थलनामे आणि भूरूप : गेलिंग-कोल यांच्या सिद्धान्ताचे परीक्षण

इंग्लंडातील स्थलनामांच्या अभ्यासाला संस्थात्मक स्वरूप १९२३ साली 'इंग्लिश प्लेस-नेम सोसायटी'च्या स्थापनेने आले. तत्पूर्वी आयझॅक टेलर यांच्या १८६४ मधील 'वर्ड्‌स अँड प्लेसेस' या ग्रंथाने विषयाची गोडी लावली होती. पण गोडी आणि शास्त्र यांत अंतर असते. नावाचे आजचे रूप पाहून अर्थ सांगू नये, प्रथम त्याची जुनी लिखित रूपे कालक्रमाने मांडावीत, हा दंडक नव्या पिढीने घालून दिला. स्वीडिश पंडित आइलर्ट एकवॉल यांचा १९३६ चा स्थलनामकोश आणि ए. एच. स्मिथ यांचे १९५६ चे दोन खंड ही त्या शिस्तीची फळे होत. या परंपरेत मार्गारेट गेलिंग यांनी जी नवी दिशा दाखविली, तिचे पूर्ण रूप अ‍ॅन कोल यांच्यासमवेत लिहिलेल्या 'द लँडस्केप ऑफ प्लेस-नेम्स' (२०००) या ग्रंथात दिसते. त्यातील मुख्य सिद्धान्त कितपत टिकतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

सिद्धान्त असा : प्राचीन इंग्रजीतील टेकडी, दरी, बेट इत्यादींचे वाचक शब्द हे सैल पर्याय नव्हते, प्रत्येक शब्दाला भूरूपाचा एक निश्चित आकार नेमून दिलेला होता. 'डून' म्हणजे वस्तीला सोयीचा सपाट माथा असलेली विस्तीर्ण टेकडी. 'होह्' म्हणजे टाच; पालथ्या पडलेल्या माणसाच्या टाचेप्रमाणे पुढे आलेली डोंगराची सोंड. 'डेनु' ही लांब, वळणे घेत जाणारी दरी. तर 'कुम्ब्' ही आखूड, रुंद आणि तीन बाजूंनी चढ असलेली दरी. पूर्वीचे कोशकार या शब्दांपुढे नुसते 'टेकडी' किंवा 'दरी' असे लिहून मोकळे होत. गेलिंग आणि कोल यांनी गावोगाव हिंडून आकार पाहिले, रेखाटने केली आणि अर्थांतील भेद प्रत्यक्ष दाखविला.

या प्रतिपादनाचे मोल मोठे आहे, व ते इतिहासाच्या अंगानेही आहे. दीर्घकाळ असा समज होता की हेस्टिंग्ज, रेडिंग यांसारखी, अमुक पुरुषाच्या लोकांची वस्ती सुचविणारी नावे ही अँग्लो-सॅक्सन वसाहतीचा पहिला थर होत. १९६६ साली जॉन मॅक्नील डॉजसन यांनी दाखविले की आग्नेय इंग्लंडात ही नावे आणि ख्रिस्तपूर्व धर्माची आद्य दफनस्थाने यांचे क्षेत्र एकमेकांशी जुळत नाही. १९७६ मध्ये बॅरी कॉक्स यांनी इ. स. ७३१ पर्यंतच्या लेखांत आलेली नावे तपासली, तेव्हा त्यांत भूरूपवाचक नावांचे प्रमाण लक्षणीय आढळले. एक रूढ मत असे ढासळल्यावर त्या जागी काही विधायक उभे करण्याचे श्रेय गेलिंग यांना द्यावे लागते. ज्या नावांना पूर्वी क्षुल्लक मानले जाई, तीच सर्वांत जुनी साक्ष ठरली.

जुन्या रूपांचा दंडक गेलिंग यांनी कोठेही सोडलेला नाही, हेही नमूद केले पाहिजे. विम्बल्डन आणि क्रॉयडन ही लंडनच्या दक्षिणेकडील दोन नावे कानाला सारखीच संपतात. पहिल्यातील अंत्य घटक 'डून' आहे. दुसऱ्यातील मात्र 'डेनु', म्हणून क्रॉयडन ही केशराची दरी होय. आजच्या उच्चारावर विसंबणारा अभ्यासक दरीला टेकडी करून बसेल.

तथापि सिद्धान्ताची परीक्षा त्याच्या बलस्थानी नव्हे, तर त्यावरून काढलेल्या अनुमानांच्या ठिकाणी करावी लागते. असे तीन मुद्दे येथे विचारात घेतले आहेत.

पहिला मुद्दा द्विरुक्त नावांचा. लँकशरमधील पेंडल हिल ही ५५७ मीटर उंचीची टेकडी १६१२ च्या चेटकिणींच्या खटल्यामुळे सर्वश्रुत आहे. तिच्या नावात ब्रिटॉनिक भाषेतील 'पेन' (माथा, टेकडी), प्राचीन इंग्रजीतील 'हिल्' आणि अर्वाचीन 'हिल' असे तीन थर आहेत. वूस्टरशरमधील ब्रेडन हिल या नावातही 'ब्रे', 'डून' आणि 'हिल' हे तिन्ही शब्द टेकडीचेच. अशा नावांवरून सामान्यतः असा निष्कर्ष काढला जातो की नवागतांना जुन्या शब्दाचा अर्थ कळला नाही. येथे दोन निराळ्या घटना एकत्र केल्या जातात. 'पेन' ला 'हिल्' जोडले गेले तेव्हा दोन भाषांचा संपर्क होता. परंतु 'पेंडल' ला पुन्हा 'हिल' जोडले गेले ते एकाच भाषेत, केवळ उच्चार झिजून अंत्य घटक ओळखू येईनासा झाला म्हणून. दुसरी भर ही लोकांतराची नव्हे, ध्वनिपरिवर्तनाची खूण होय.

पहिल्या भरीवरूनही अज्ञान सिद्ध होतेच असे नाही. मराठी भाषक 'रायगड किल्ला' असे सर्रास म्हणतो. 'गड' या शब्दाचा अर्थ त्याला ठाऊक नसतो असे कोणी म्हणणार नाही. विशेषनाम झाले की शब्दाचा अर्थ जागृत असूनही तो कामाला येत नाही, आणि वर्गवाचक शब्द पुन्हा जोडला जातो. म्हणून द्विरुक्ती एवढेच सांगते की जुना शब्द नाव म्हणून स्वीकारला गेला. तो समजून स्वीकारला की न समजता, याचा निर्णय अन्य पुराव्यावर, उदाहरणार्थ केनेथ जॅक्सन यांनी १९५३ मध्ये नकाशावर मांडलेल्या ब्रिटॉनिक नदीनामांच्या पश्चिमेकडे वाढत जाणाऱ्या दाटीवर, सोपवावा लागेल. मूळ लोक उखडले गेले की भाषा बदलून तेथेच राहिले, हा प्रश्न ब्रिटनच्या इतिहासात लहान नाही. तो एका प्रत्ययाच्या आधारे सोडविणे धाडसाचे होईल.

दुसरा मुद्दा नाव देणाऱ्याचा. वेल्सच्या वायव्येकडील बेटाला रोमन लोक 'मोना' म्हणत. तेथील रहिवासी आजही 'मोन' म्हणतात. इंग्रजीत रूढ झालेले 'अँगलसी' हे नाव मात्र नॉर्स आहे. त्याचा शेवट 'बेट' या अर्थाच्या 'एय' या शब्दाने होतो. ब्रिस्टल खाडीच्या मुखाशी असलेल्या लंडीचे नावही नॉर्स खलाशांनी पफिन पक्ष्यांवरून ठेवले. समुद्रावरून बेटाकडे पाहणाऱ्याने दिलेली ही नावे होत. त्यांवरून कोण कोठे नांदत होते हे कळत नाही. कोणाचे नाव पुढे लिखित व्यवहारात टिकले, एवढेच कळते. गेलिंग आणि कोल यांच्या विवेचनात नाव देणारा शेतकरी असतो, कधी वाटसरू असतो. हा भेद प्रत्येक वेळी उघड करून दाखविला असता, तर अनुमानाची मर्यादा वाचकाला आपोआप समजली असती.

तिसरा मुद्दा पद्धतीचा व सर्वांत महत्त्वाचा आहे. 'डून' चा अर्थ ठरविला तो ज्यांच्या नावात 'डून' आहे अशा टेकड्या पाहून. आणि त्या टेकड्यांना 'डून' का म्हटले, याचे उत्तर दिले ते त्याच अर्थावरून. हे चक्रक टाळण्याचा मार्ग आहे. ज्याला नावे ठाऊक नाहीत अशा निरीक्षकाने केवळ आकारावरून टेकड्यांची वर्गवारी करावी, आणि मग ती नावांशी ताडून पाहावी. शिवाय भूमीही स्थिर नसते. बीडने ७३१ साली वर्णिलेले ईली हे दलदलीने व पाण्याने वेढलेले, बेटासारखे होते. सतराव्या शतकापासून भोवतालचा फेन प्रदेश निचरा करून कोरडा केला गेला. तेथे आजच्या डोळ्यांनी बेट दिसणार नाही. आणि ज्या ईलीला नंतरच्या लोकांनी ईल माशांचे 'बेट' मानले, त्याच्या आद्य रूपातील अंत्य घटक 'बेट' नसून 'प्रदेश' हा आहे. भूरूप इतके अनुकूल असताना शब्द मात्र दुसराच निघावा, यात अभ्यासकाला पुरेसा इशारा आहे.

असे असूनही सिद्धान्ताचा गाभा अबाधित राहतो. भूमीवर पोट असणाऱ्या समाजाची भूरूपवाचक शब्दसंपत्ती नेमकी असते, याची साक्ष कोकणातील माणूसही देईल. तो सड्याला टेकडी म्हणणार नाही. मात्र अशा शब्दांचा अर्थ व्याख्येसारखा काटेकोर नसून एका ठळक नमुन्याभोवती जमलेला असतो. कडेची उदाहरणे दोन्ही बाजूंना जाऊ शकतात. गेलिंग-कोल यांची रेखाटने नमुना दाखवितात. ती कायदा सांगतात असे मानू नये.

महाराष्ट्रात वि. का. राजवाडे यांनी 'महिकावतीची बखर' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत उत्तर कोकणच्या ग्रामनामांवरून वसाहतीचा इतिहास वाचण्याचा प्रयत्न केला होता. त्या वाटेने जाणाऱ्या मराठी अभ्यासकाने या इंग्रजी ग्रंथापासून घ्यावयाचे ते त्याचे निष्कर्ष नव्हेत, त्याची पायपीट होय. आणि टाळावयाचा तो त्याचा एकच दोष, म्हणजे पाहण्यापूर्वीच नाव ठाऊक असणे.