गॉसची बेंबी, डार्विनचं वर्तुळ

फिलिप हेन्री गॉसचं नाव आज निघतं ते बहुधा चेष्टेपुरतंच. १८५७ साली, डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या दोन वर्षं आधी, त्याचं ‘ऑम्फॅलॉस’ आलं. या ग्रीक शब्दाचा अर्थ बेंबी. गॉसचं म्हणणं असं, की देवाने सृष्टी घडवली तीच भूतकाळाच्या खुणांसकट. आईच्या पोटी न जन्मलेल्या आदमला बेंबी, नुकत्याच निर्माण झालेल्या झाडाच्या खोडात वर्षांची वलयं आणि खडकांत कधीच न जगलेल्या प्राण्यांचे जीवाश्म.

धर्माने आंधळा झालेला उपदेशक, असं म्हणून आपण मोकळे होतो. मला हा निकाल घाईचा वाटतो.

गॉस सतराव्या वर्षी, १८२७ मध्ये, न्यूफाउंडलंडच्या कार्बोनिअर बंदरात कारकून म्हणून गेला. तिथे १८३२ मध्ये त्याने स्वतःला देवाला वाहून घेतलं आणि त्याच वर्षी सूक्ष्मदर्शकावरचं एक पुस्तक विकत घेऊन तो कीटकांच्या नादी लागला. अंडं, अळी, कोश, फुलपाखरू, पुन्हा अंडं. ‘ऑम्फॅलॉस’चा सगळा डोलारा याच वर्तुळावर उभा आहे. वर्तुळाला सुरुवात नसते. मग देवाने कुठूनही सुरुवात केली, तरी आधीच्या टप्प्याची खूण दिसणारच! म्हणजे हा युक्तिवाद बायबलइतकाच किड्यांच्या निरीक्षणातूनही आला आहे.

गंमत म्हणजे, गॉस कार्बोनिअरमध्ये हिशेब लिहीत होता तेव्हा केंब्रिजमध्ये डार्विन पाद्री होण्यासाठी शिकत होता आणि भुंगेरे गोळा करत होता. दोघांचा छंद एकच. पुढे डार्विनने गॉसला पत्रं लिहून माहितीही विचारली. फरक एवढाच, की वर्तुळ जिथून निघतं तिथेच नेमकं परत येत नाही, हे डार्विनने हेरलं. पिल्लू आईबापांसारखं असतं, पण तंतोतंत नसतं. या किंचित फरकातच उत्क्रांती आहे.

‘ऑम्फॅलॉस’ची खरी खोट वेगळीच आहे. त्याला खोटं पाडेल असा पुरावा असूच शकत नाही. जे सापडेल ते ‘देवाने तसंच ठेवलं’. गॉसचा मित्र चार्ल्स किंग्जली स्वतः धर्मोपदेशक, पण देव खडकांवर असं खोटं लिहील, हे त्यालाही पटलं नाही. उलट डार्विनने ‘ओरिजिन’मध्येच सांगून ठेवलं, की लहान लहान बदल साठत जाऊन घडूच शकला नसता असा एक जरी अवयव दाखवलात, तरी माझा सिद्धांत कोसळेल.

‘उत्क्रांती ही नुसती थिअरी आहे’ असा फॉरवर्ड आला, की पाठवणाऱ्याच्या श्रद्धेवर घसरू नका. एवढंच विचारा: काय दिसलं तर तुम्ही मत बदलाल?