‘एल निनो म्हणजे दुष्काळ’ : एक अपुरे समीकरण

उन्हाळ्यात वर्तमानपत्रांतून ‘एल निनो’चे नाव झळकले की वर्गात प्रश्न येतो, “सर, यंदा दुष्काळ पडणार का?” आपल्यापैकी अनेक जण ‘हो’ म्हणून मोकळे होतात. खेड्यातल्या शाळेत हा प्रश्न परीक्षेपुरता नसतो. उत्तर घरी जाते आणि पेरणीच्या बोलण्यात मिसळते. म्हणून ते तपासायला हवे.

या समीकरणामागचे विज्ञान खोटे नाही. विषुववृत्तीय पॅसिफिक महासागराचे मध्य व पूर्व भागातील पाणी नेहमीपेक्षा तापले, की त्यावरची हवा वर चढते आणि ढग तिकडे सरकतात. वर गेलेली हवा कुठेतरी खाली उतरणारच. ती इंडोनेशिया व भारताच्या बाजूला उतरली, की येथे ढगांची वाढ खुंटते. १९७२ चा आपल्याकडील दुष्काळ एल निनोच्याच वर्षातला.

पण १९९७ पाहा. एल निनो विसाव्या शतकातील अत्यंत प्रबळ एल निनोंपैकी एक, तरी देशात मोसमी पाऊस सरासरीच्या १०२ टक्के. २००२ चा एल निनो मध्यम, पाऊस मात्र ८१ टक्के. १९७९ मध्ये तर एल निनो नसतानाही दुष्काळ पडला.

असे का? एक म्हणजे, पाणी किती तापले याइतकेच ते कुठे तापले हेही महत्त्वाचे. १९९७ मध्ये उष्णतेचा केंद्रभाग पूर्वेला होता, २००२ मध्ये मध्य पॅसिफिकमध्ये. मध्यभाग तापला की उतरती हवा भारतावर येण्याचा संभव वाढतो, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००६ मध्ये दाखवले. दुसरे म्हणजे आपला हिंदी महासागर. १९९७ मध्ये त्याचा पश्चिम भाग उबदार, तर सुमात्राजवळचा भाग थंड झाला. ही स्थिती बहुधा आपल्या पावसाला साह्यकारी ठरते.

समुद्र सावकाश तापतो, सावकाश निवतो. म्हणूनच त्याच्यावरून काही महिने आधी अंदाज बांधता येतो. परंतु तो अंदाज संभाव्यतेचा, आणि बहुधा देशाच्या सरासरीचा. आपल्या तालुक्यात पाऊस कधी पडेल हे त्यातून कळत नाही.

तेव्हा वर्गात सूत्र सांगण्याऐवजी फळ्यावर चार चौकटी आखा : एल निनो होता-नव्हता, दुष्काळ पडला-नाही. वरील चार वर्षे मुलांनाच त्यांत भरू द्या. तीन चौकटींत वर्षे येतील. चौथी शोधायला सांगा. मग ‘शक्यता वाढते’ आणि ‘होणारच’ यांतला फरक वेगळा शिकवावा लागणार नाही.